संत्र्याचं वावडं, की वाऱ्यावरच्या परागाचं?



थंडी पडली की आपल्याकडे सहलींना ऊत येतो. उन्हाळ्यात घराबाहेर डोकं न काढणारे आपण जानेवारी-फेब्रुवारीत डबे भरून निघतो. कोणी खाडीकाठच्या तिवरांच्या बाजूला, तर कोणी आत वाळवंटाकडे, फलज अल मुअल्लाच्या खजुरांच्या शेतांकडे. सतरंज्या पसरायच्या, पोरांना हिरवळीवर सोडायचं आणि डब्यातल्या पुऱ्या-बटाट्याच्या भाजीनंतर संत्र्यांची पिशवी उघडायची, हे ठरलेलं.

अशाच एका सहलीत आमच्या ओळखीतली आठ वर्षांची मुलगी तासभर गवतात लोळून आली आणि संत्र्याच्या दोन फोडी खाऊन म्हणाली, "आई, माझ्या तोंडात मुंग्या येतायत." ओठ थोडे सुजले होते, घशात खाजत होतं. भारतातून आलेल्या आजी म्हणाल्या, "आंबट आहे गं, पाणी पी." दुसऱ्या काकू म्हणाल्या, "उष्णता झाली असेल." वीस मिनिटांत सगळं ओसरलं आणि विषय संपला. पण आईच्या मनातला संपला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात संत्रं, मोसंबी, लिंबू, टोमॅटो, केळी सगळंच बंद! मुलगी शाळेत कोरडी चपाती-भाजी घेऊन जाऊ लागली.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ॲलर्जीच्या तपासण्यांचे कागद रोज हातातून जातात आणि त्यामुळे ओळखीचे लोक मला हटकून विचारतात. त्यातून जे समजलं आणि डॉक्टरांकडून जे शिकले, ते आज आपल्यासमोर मांडते आहे. कारण या विषयात आपण दोन टोकांच्या चुका करतो. एक तर "काही नाही, आंबट खाल्लं" म्हणून सोडून देतो, नाहीतर घाबरून अख्खी फळांची टोपली घराबाहेर काढतो.

आधी आमच्या घरातली गोष्ट

आमचे हे मूळचे वरुडकडचे, म्हणजे संत्र्यांच्या मुलखातले. लहानपणी बागेत झाडाखाली बसून डझनाने संत्री खाल्लेला माणूस! नोकरीनिमित्त इकडे आलो. पहिले दोन हिवाळे ठीक गेले. तिसऱ्या हिवाळ्यात सकाळी उठलं की शिंका, डोळे लाल, नाक गळतंय. "एसीमुळे सर्दी झाली" असं आम्ही धरून चाललो. त्याच हिवाळ्यात संत्रं खाल्लं की टाळूला खाज सुटायला लागली. ह्यांनी दोष दिला इथल्या संत्र्यांना. "ही कुठली फवारलेली, मेण लावलेली संत्री! आपल्या वरुडची आण, बघ काही होतंय का." गंमत म्हणजे जूनमध्ये सुट्टीला गेलो तेव्हा नातेवाइकांनी ठेवलेली मोसंबी खाल्ली आणि खरंच काही झालं नाही. झालं, इथली फळं वाईट हे सिद्ध!

पण खरं कारण वेगळंच निघालं. फळ बदललं नव्हतं. ह्यांच्या नाकात जाणारी हवा बदलली होती. तपासणीत ह्यांना गवताच्या आणि मेस्क्विट झाडाच्या परागांची ॲलर्जी निघाली आणि तोंडाची खाज त्याच परागांच्या मागून आली होती.

एकाचा राग दुसऱ्यावर

आता पराग नाकातला आणि संत्रं तोंडातलं, दोघांचा संबंध काय? सोप्या शब्दांत सांगते.

ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने दिला. शरीराच्या संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजणं, हे तिचं मूळ. परागातलं एखादं प्रथिन शरीराला खटकलं की त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात. ती नाक, तोंड, त्वचा, फुप्फुसं इथल्या मास्ट पेशींवर जाऊन पहारा देत बसतात. पुन्हा तेच प्रथिन आलं की पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. मग शिंका, खाज, सूज.

आपल्या बिल्डिंगच्या नातूरचं उदाहरण घ्या. एका मिशीवाल्या माणसाने कधीतरी त्याला त्रास दिला. नातूरने तो चेहरा डोक्यात पक्का केला. पुढे त्या माणसाचा सज्जन भाऊ तुमच्याकडे जेवायला आला, तर नातूर त्यालाही दारात अडवतो. चेहरा सारखा ना! इथे त्रास देणारा म्हणजे पराग आणि सज्जन भाऊ म्हणजे संत्रं.

हा सारखा चेहरा म्हणजे 'प्रोफिलिन' नावाचं छोटंसं प्रथिन. ते प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत असतं, कारण पेशीचा आतला सांगाडा उभा करायला ते लागतंच. १९९१ साली व्हिएन्नामध्ये रुडोल्फ व्हॅलेन्टा आणि सहकाऱ्यांनी बर्च झाडाच्या परागात हे प्रथिन ॲलर्जी घडवतं, असं दाखवलं. गवत, झाड, फळ कुठलंही असो, वनस्पतींची प्रोफिलिनं एकमेकांशी पाऊण हिश्श्याच्या आसपास किंवा जास्तच जुळतात. संत्र्यातल्या प्रोफिलिनला शास्त्रज्ञांनी 'सिट एस २' असं नाव दिलं आहे आणि संत्र्याच्या ॲलर्जीत त्याचा मोठा वाटा असतो, हे स्पेनमधल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं.

त्याआधी २००३ साली इटलीतल्या डॉक्टरांना एक उपयोगी खूण सापडली होती. ज्याला संत्र्या-मोसंबीबरोबर खरबूज, कलिंगड, टोमॅटो, केळं अशा एकमेकांशी नातं नसलेल्या फळांनी तोंडात खाज येते, त्याच्या अंगात बहुधा प्रोफिलिनविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. म्हणजे "मला सगळ्याच फळांचं वावडं आहे" असं सांगणारा माणूस नखरे करत नसतो. त्याला पुष्कळदा एकाच गोष्टीचं वावडं असतं. ती गोष्ट सगळीकडे आहे, एवढंच.

इथल्या वाऱ्यावर काय आहे?

"वाळवंटात कुठले आलेत पराग?" असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण जरा आजूबाजूला बघा.

पहिली आपली दूर्वा. हो, गणपतीला वाहतो तीच! गावाकडे आपण तिला हरळी म्हणतो, इंग्रजीत बर्म्युडा ग्रास. इथली कितीतरी हिरवळ, बागा, रस्त्यांमधले गोल चौक याच गवताने हिरवे ठेवलेले असतात. तिच्या परागात प्रोफिलिन असतं. गणपतीला वाहिलेल्या दूर्वांच्या जुडीने काही होत नाही, घाबरू नका. प्रश्न फुलावर आलेल्या गवतात लोळण्याचा आहे.

दुसरं मेस्क्विट. इथलं राष्ट्रीय झाड 'गाफ' म्हणजे आपली दसऱ्याची शमीच. तिची ही परदेशी चुलत बहीण, आपल्याकडची वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. १९७० नंतर वाळवंट हिरवं करण्यासाठी ती या देशात मोठ्या प्रमाणावर लावली गेली. कमी पाण्यात तग धरते म्हणून आणली आणि मग हाताबाहेर पसरली. २००२ साली अमिरातीतल्या दम्याच्या रुग्णांच्या त्वचाचाचण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वात जास्त रुग्णांना, शंभरात साधारण पंचेचाळीस जणांना, मेस्क्विटच्या परागाची प्रतिक्रिया आली होती. त्याखालोखाल गवतं होती. याच झाडाच्या परागातलं प्रोफिलिन इराणमधल्या संशोधकांनी वेगळं करून दाखवलं आहे.

तिसरा खजूर. थंडी सरताना खजुराला फुलोरा येतो. नर झाडाचा फुलोरा कापून मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने बांधायचा, ही हजारो वर्षांची पद्धत फलज अल मुअल्लाच्या शेतांवरही चालते. झाडावर चढून हे काम करणाऱ्या कामगाराच्या अंगावर तर पिवळा भुगाच पडतो. खजुराच्या परागातही प्रोफिलिन आहे. शिवाय वाळवंटातली खारट मातीत येणारी झुडपं आहेतच. वर शमाल वारा सुटला की धूळ आणि पराग मिळून सगळं घरात येतं.

आता जोडून पाहा. पराग जास्त कधी? थंडीच्या शेवटापासून वसंतापर्यंत. आपण संत्री भरपूर कधी खातो? त्याच दिवसांत! नाक आधीच चिडलेलं, पहारेकरी जागे आणि त्यात संत्र्याची फोड. आमच्या ह्यांना जूनमध्ये मोसंबीने काही झालं नाही याचं कारण हेच होतं. तेव्हा ते इथल्या परागांपासून दूर होते. वरुडच्या फळाचं सर्टिफिकेट उगाच मिळालं!

आणि इथे आल्यावर दोन-तीन वर्षं काही होत नाही, मग अचानक सुरू होतं, याचंही नवल नको. नव्या परागाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार व्हायला काही हंगाम जावे लागतात. उलट प्रवासातही हे खरं आहे. सुट्टीत पुण्याला गेलात तर तिथे गाजर गवत स्वागताला उभंच आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या परागानेही नाक आणि त्वचा दोन्ही धरतात.

तोंडापुरती ॲलर्जी आणि अंगभर ॲलर्जी

मंडळी, या लेखातलं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा भाग ठेवा.

प्रोफिलिन हे नाजूक प्रथिन आहे. उष्णतेने मोडतं, पोटातल्या रसांनी तर लगेच पचतं. म्हणून त्याचा त्रास बहुतेक वेळा तोंडातच सुरू होतो आणि तिथेच संपतो. ओठांना, जिभेला, टाळूला खाज, मुंग्या, किंचित सूज, कधी कानात खाज. पाच-दहा मिनिटांत सुरू, अर्ध्या-एक तासात गायब. डॉक्टर याला 'ओरल ॲलर्जी सिंड्रोम' म्हणतात. आपण तोंडापुरती ॲलर्जी म्हणू. अशा माणसाला ताजी फोड त्रास देते, पण शिजवलेला मुरंबा किंवा मार्मालेड पुष्कळदा चालतं.

पण संत्र्यात आणखीही प्रथिनं आहेत. त्यातलं एक 'एलटीपी' गटातलं. ते चिवट आहे. उकळा, पचवा, ते टिकून राहतं आणि रक्तापर्यंत पोहोचतं. फळांच्या सालीत या गटातली प्रथिनं जास्त असतात. आणखी एक गट आहे, त्याचं नातं सुरूच्या जातीच्या, म्हणजे सायप्रस आणि जपानी सिडरच्या परागाशी आहे. या दोन्ही गटांची ॲलर्जी असलेल्यांना अंगभर प्रतिक्रिया येऊ शकते. व्यायाम, वेदनाशामक गोळी किंवा दारू यांची जोड मिळाली तर धोका वाढतो. एरवी पचणारं फळ त्या दिवशी अंगावर येतं. संत्र्याच्या बियांतली प्रथिनं तर काजूतल्या प्रथिनांशी जुळतात. म्हणून काजूची ॲलर्जी असलेल्याने बिया चावू नयेत आणि बियांसकट मिक्सरमधून काढलेल्या रसापासून सावध राहावं.

याचं उदाहरण मी जवळून पाहिलं. एक तरुण मुलगा, चार मित्रांबरोबर खोलीत राहणारा. शुक्रवारी क्रिकेट खेळून घामाघूम होऊन आला आणि कॅफेटेरियात ताज्या संत्र्याचा मोठा ग्लास संपवला. पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, पोटात मुरडा, आवाज बसला, चक्कर. मित्रांनी "ॲसिडिटी झाली" म्हणून अँटासिड दिलं आणि झोपवलं. शेजारच्या खोलीतला एकजण कंपाउंडर होता म्हणून बरं. त्याने पाहिलं आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. मुलगा वाचला. तपासणीत चिवट प्रथिनाची ॲलर्जी निघाली. याआधी दोनदा संत्र्याने त्याच्या ओठांना सूज आली होती. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, "पोरं हसतील" म्हणून.

तेव्हा धोक्याच्या खुणा पाठ करा. अंगभर गांधी, आवाज घोगरा होणं, गिळताना अडकणं, दम लागणं किंवा छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी. यातलं काहीही दिसलं की ती तोंडापुरती ॲलर्जी नाही. अमिरातीत ॲम्ब्युलन्ससाठी ९९८ फिरवा. माणसाला आडवं करा, पाय थोडे वर ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. उभं करून चालवू नका. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं पेन दिलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा, वाट बघू नका. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण अशा वेळी जीव वाचवत नाही. लिंबूपाणी, हळदीचं दूध, ताक हे सगळं नंतर!

जे ॲलर्जी वाटतं, पण नसतं

आंबट फळाने तोंडातल्या फोडांना किंवा फाटलेल्या ओठांना झोंबतं, ती ॲलर्जी नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडाभोवती रस लागून लाली येते, ती पुष्कळदा नुसती आम्लाची चुरचुर असते. उपाशीपोटी ज्यूस पिऊन छातीत जळजळ, ते पित्त.

आणि एक खास इथल्या उन्हासाठी. समुद्रकाठी सरबत करताना हातावर लिंबाचा रस सांडला आणि तसंच उन्हात बसलात, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे डाग उठू शकतात. लिंबातली काही द्रव्यं ऊन लागताच त्वचा जाळतात. कोणालाही होऊ शकतं. उपाय साधा : साबणाने हात धुवा, मग उन्हात जा.

तपासणी कशी, किती?

डॉक्टरांकडे जाताना कोरे जाऊ नका. महिनाभर वहीत लिहा. काय खाल्लं, ताजं की शिजवलेलं, सोललेलं की सालीसकट, किती मिनिटांत काय झालं, त्या दिवशी शिंका होत्या का, धावपळ झाली होती का, कुठली गोळी घेतली होती. निम्मं निदान त्या वहीतच असतं.

मग त्वचेवर टोचून करायची चाचणी. फळाच्या बाबतीत तयार बाटलीतल्या अर्कापेक्षा ताजं फळ टोचून मग त्वचेला टोचणं जास्त खरं उत्तर देतं, कारण ती नाजूक प्रथिनं बाटलीत टिकत नाहीत. ॲलर्जीच्या गोळ्या या चाचणीआधी काही दिवस थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. रक्तातली आयजीई तपासणीही होते आणि आता प्रोफिलिन वेगळं, चिवट प्रथिन वेगळं असंही मोजता येतं. कोणाला घाबरायचं आणि कोणाला नाही, हे त्यावरून ठरायला मदत होते.

लॅबमधली बाई म्हणून एक कळकळीचं सांगणं : कागदावर 'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे आजार आहे असं नाही. प्रोफिलिनची प्रतिद्रव्यं असूनही कितीतरी लोक मजेत संत्री खातात. त्रास होत नसलेलं फळ केवळ कागद पाहून बंद करू नका. आणि दीडशे-दोनशे पदार्थांची 'आयजीजी' तपासणी करून लांबलचक यादी देणारी पाकिटं मिळतात, त्यावर पैसे घालवू नका. आयजीजी हे तो पदार्थ खाल्ल्याचं चिन्ह आहे, ॲलर्जीचं नाही.

घरी काय करता येईल?

पराग आवरला की तोंडही शांत होतं का? नेहमी नाही, पण नाकाला आराम पडला तरी अर्धी लढाई जिंकली. एसीच्या जाळ्या नियमाने धुवा. शमालच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा. बाहेरून खेळून आलेल्या मुलांचे कपडे बदला, तोंड-केस धुवा आणि मगच त्यांना फळ द्या. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे हंगामभर नियमित वापरा, शिंक आली की एकदाच फवारून उपयोग नाही.

ज्या फळाने तोंडात खाज येते ते ताजं खाणं टाळा, बाकीची सोडू नका. क जीवनसत्त्वाची काळजी नको. पेरू आणि सिमला मिरचीत ते संत्र्यापेक्षा जास्त असतं. आवळा तर आपला आहेच.

त्या आठ वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं, विचाराल. तिची तपासणी झाली. दूर्वेचा पराग आणि प्रोफिलिन, चिवट प्रथिन नाही. आता हंगामात ताजं संत्रं आणि खरबूज तेवढं वर्ज्य. केळी, टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाचं लोणचं सगळं परत ताटात आलं आहे. डबाही पुन्हा रंगीत झाला. आजीही आता "आंबट आहे" न म्हणता "कुठे कुठे खाजतंय?" असं विचारतात. हा मोठाच बदल!

जाता जाता आपल्या मंडळालाही एक विनंती. कार्यक्रमात आपण फ्रूट सॅलड, सरबत, पन्हं सगळं प्रेमाने करतो. पुढच्या वेळी प्रत्येक भांड्यापुढे एक चिठ्ठी लावू या, आत काय काय आहे याची. नाव नोंदवताना "कशाचं वावडं आहे का?" हाही एक रकाना ठेवू या. खर्च शून्य. आणि कुणी "नको, मला संत्रं चालत नाही" म्हटलं तर आग्रहाने फोड तोंडात कोंबू नका. मराठी आग्रह जगप्रसिद्ध आहे, पण इथे तो आवरलेलाच बरा!

असो. थंडीत खाडीकाठी भेटूच. संत्र्यांची पिशवी असेलच, फक्त चिठ्ठी लावलेली असेल.